पाटन ढोका

काठमांडूच्या रत्नपार्कपाशी तीनचाकी टेम्पो रांगेने उभे होते. विजेवर चालणारे. त्यांना ‘सफा टेम्पो’ म्हणतात, सफा म्हणजे स्वच्छ. आपल्याकडे विजेच्या गाड्यांचं कौतुक आत्ता कुठे सुरू झालंय. इथे हे टेम्पो नव्वदच्या दशकापासून धावताहेत आणि चालवणाऱ्यांत बायका पुष्कळ. माझा टेम्पोही एक बाईच चालवत होती. वाकून आत शिरणार तेवढ्यात काचेवरची पाटी वाचली आणि उचललेला पाय मागे घेतला. पाटी होती ‘पाटन धोका’.

रात्रभर बसमध्ये डुलत आले होते, चष्मा पर्समध्ये होता. तो लावून पुन्हा वाचलं. धोका नव्हतं, ढोका होतं. ढोका म्हणजे काय ते कळेना, पण धोका नाही एवढं तर कळलं, म्हणून बसले.

संध्याकाळी कळलं की ढोका म्हणजे दार. पाटण हे काठमांडूच्या शेजारचं, बागमती नदीच्या पलीकडचं जुनं शहर, ललितपूर. त्याची ही वेस. आमच्या नगरला दिल्ली गेट आहे तशी. पंचवीस वर्षं पहिलीच्या वर्गात ‘ध’ आणि ‘ढ’ मधला फरक पोरांकडून गिरवून घेणारी मी, आणि परदेशात पोचल्यावर पहिली चूक तीच केली. त्यात ‘ढ’ हे आपल्याकडे अक्षर थोडं आणि शेरा जास्त.

पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी नोकरी झाली. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारणं विचारणाऱ्यांना मी गुडघे सांगत असे; खरं कारण कंटाळा. घरी बसून सहा महिन्यांत त्याचाही कंटाळा आला. तेव्हा ओळखीच्या ओळखीतून कळलं की पाटणमध्ये मुलांचं एक छोटं वाचनालय आहे आणि त्यांना तीन महिन्यांसाठी माणूस हवंय. बिनपगारी, राहण्याची सोय होईल. फाटकी पुस्तकं शिवायची, डकवायची, नोंदवही ठेवायची आणि रोज तासभर मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. फोनवर तिथल्या मुलीने एकच गोष्ट विचारली, “देवनागरी वाचायला येतं ना?” मी हसलेच.

अनाथालयात जायचं नाही, हे मात्र आधीच ठरवलं होतं. परदेशी पाहुणे येतात, पंधरा दिवस पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि जातात. नेपाळमधल्या अशा कितीतरी घरांतल्या मुलांचे आई-बाप जिवंत असतात, पाहुण्यांच्या पैशासाठी पोरं खेड्यातून आणून ठेवलेली असतात, हे वाचलं होतं. पुस्तकाला पुठ्ठा लावून मी निघून गेले तर पुस्तक रडत बसणार नाही.

ताईला माझ्या परदेशाचं काहीच वाटलं नाही. “व्हिसा लागत नाही, पासपोर्ट लागत नाही, पाट्यासुद्धा आपल्याच लिपीत. कसला गं परदेश? त्यापेक्षा गोव्याला जा. तिथली भाषा तरी जरा वेगळी आहे.”

२०१९ ची गोष्ट. ६ एप्रिलला पाडव्याची गुढी उभारली, शके १९४१ लागलं. चार दिवसांनी मनमाडला अपरात्री कुशीनगर एक्स्प्रेस पकडली. गोरखपूरला उतरले तेव्हा सासूबाईंची आठवण झाली. आमचा भाग नाथांचा. मढीला कानिफनाथ, मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी. सासूबाई श्रावणात नवनाथांची पोथी लावत, आणि गोरक्षनाथांच्या नावाचं गाव खरोखर नकाशावर आहे, तिथे रेल्वे जाते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. तिथून सोनौलीपर्यंत बस, मग बॅग ओढत एका कमानीखालून चालत गेले आणि परदेश आला. मतदार ओळखपत्र हातात धरून चालत होते. कोणी पाहिलं नाही. कमरेच्या पिशवीत शंभराच्या नोटांची जाड थप्पी होती, कारण आदल्या डिसेंबरातच नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. पलीकडच्या पहिल्या चहावाल्याने विचारलं, “आइसी कि एनसी?” आइसी म्हणजे आपले रुपये, एनसी त्यांचे. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ. १९९३ पासून हाच भाव. गणिताला सोपा, म्हणून मला आवडला.

घड्याळ मात्र पुढे केलं नाही. नेपाळ आपल्या पुढे, पण अवघी पंधरा मिनिटं. तेवढ्यासाठी काटे कशाला फिरवायचे, असा माझा हेका. ही पंधरा मिनिटं गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्तावरून आली आहेत, हे नंतर कळलं. हेका नडलाच. पहिला आठवडा मी सगळीकडे बरोबर पंधरा मिनिटं उशिरा पोचत होते. बावीस-तेवीस वर्षांची ती वाचनालयातली मुलगी मला काही बोलत नसे, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हसे. मीही असंच हसत असे, उशिरा येणाऱ्या पोरांकडे बघून.

पोचले शुक्रवारी. कंबर कसून शनिवारी वाचनालयात गेले तर दाराला कुलूप. इथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी, रविवारी सगळं चालू. बरं, रविवारी जाऊ म्हटलं, तर रविवारी १ बैशाख. नेपाळी नवं वर्ष. २०७५ संपून २०७६ लागलं, पुन्हा सुट्टी. आठ दिवसांत मी दोन वर्षारंभ केले आणि मधल्या मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षांनी मोठी झाले. (पाटणच्या नेवार लोकांचं आणखी एक संवत आहे, ते दिवाळीत सुरू होतं. तोवर थांबणार नव्हते, नाहीतर तिसरंही साजरं केलं असतं.) सेवा करायला आलेल्या बाईला शहराने दोन दिवस नुसतं बसवून ठेवलं.

बसायची जागा मात्र छान होती. वाचनालयाच्या मागच्या बहालात, म्हणजे चारी बाजूंनी घरं आणि मधे चैत्य असलेल्या चौकात, एका म्हाताऱ्या नेवार बाईंच्या घरी मला खोली दिली होती. खोलीला इथे कोठा म्हणतात. गल्लोगल्ली ‘कोठा भाडामा’ अशा पाट्या बघून आधी मी जरा बिचकलेच होते. खाली नातवंडं त्यांना “अजि, अजि” अशा हाका मारत होती आणि क्षणभर मला पाथर्डीच्या घरात असल्यासारखं वाटलं. नेवारीत आजीला अजिच म्हणतात. हे कुठून कसं जुळलं ते भाषेचे पंडित जाणोत. मी लगेच त्यांना आजी म्हणायला लागले आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी साडेनऊला आजींनी जेवायला वाढलं. न्याहारी नाही, जेवणच. डाळ, भात, तरकारी, अचार. इथे लोक सकाळी भात खाऊन कामाला जातात, दुपारी ‘खाजा’ म्हणजे मधलं खाणं, आणि रात्री पुन्हा भात. ‘खाजा घर’ अशा पाट्या तर चौकाचौकात आहेत. मालवणच्या जत्रेतलं खाजं ज्यांनी खाल्लंय त्यांच्या तोंडाला पाणी सुटेल. आम्हा घाटावरच्यांना आधी खाज आठवते. मी पहिला घास घेतला आणि आजींनी विचारलं, “मिठो छ?”

डोक्यातली हिंदी म्हणाली गोड, डोक्यातली मराठी म्हणाली मीठ. डाळ गोड कशी असेल, तेव्हा मिठाचंच विचारत असणार. “हो, जरा जास्त,” मी बोटांनी चिमूट दाखवत खरं ते सांगितलं. आजींचा चेहरा पडला. मिठो म्हणजे चविष्ट. स्वयंपाक बरा झालाय का, असं त्या माउलीने विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी याहून वरताण. सकाळी मी जिन्यात उभी होते. आजी वरून उतरल्या, माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, “घाम लाग्यो, माथि जानुस्.” मला घाम आलाय, असं त्या म्हणताहेत! शरमेने अर्धमेली झाले. दोन दिवसांचा प्रवास, मग थंडी म्हणून टाळलेली अंघोळ. वास येत असणार. तशीच न्हाणीघरात गेले आणि बादलीभर गार पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली. कुडकुडत बाहेर आले तर आजी रिकाम्या बादलीकडे बघत होत्या.

घाम म्हणजे ऊन. ऊन पडलंय, वर गच्चीवर जाऊन बसा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि ती बादली आठवड्यातून एकदा, तेही अपरात्री येणाऱ्या नळाच्या पाण्याची होती. खोऱ्यात पाण्याचे हाल आहेत. दरबार चौकाच्या अंगाला मंगाहिती नावाचा दगडी पाणवठा आहे, पायऱ्या उतरून खाली जायचं, मकरमुखातून धार पडते. दीड हजार वर्षांच्या आसपासचं बांधकाम, आणि बायका प्लास्टिकचे कॅन घेऊन अजून रांग लावतात. पुढचे दोन दिवस मी आजींच्या आधी उठून तिथून दोन-दोन कॅन आणले. स्वयंसेवक म्हणून नेपाळमध्ये केलेलं माझं पहिलं काम हे.

आता माझं मुख्य दुःख सांगते. अनोळखी देशात गेलं की माणूस मुकं, बहिरं आणि निरक्षर होतं, असं ऐकलं होतं. मला निरक्षर होण्याची सोयच नव्हती. प्रत्येक पाटी धडाधड वाचता येत होती. ‘सुनचाँदी पसल’ वाचलं की सुनांचं दुकान दिसे. सुन म्हणजे सोनं, पसल म्हणजे दुकान. ‘ताजा मासु पाइन्छ’ वाचून मासे बघायला गेले तर हुकाला बकरा टांगलेला. चिनी किंवा अरबी लिपी असती तर मेंदू गप्प बसला असता. इथे तो दर पावलाला हात वर करून “बाई, मी सांगू?” करत होता आणि दर वेळी चुकत होता.

सोमवारी वाचनालय उघडलं. इथे शाळेचं नवं वर्ष बैशाखात सुरू होतं. नाव घालण्याचे दिवस होते, वर्ग अजून नीट भरले नव्हते, त्यामुळे पोरांची ही गर्दी. दोन खोल्या, चटया, कोपऱ्यात पाण्याचा जार. सगळी पोरं मला पाहून एकदम “नमस्ते मिस” म्हणाली. मला तर घरी आल्यासारखं झालं. त्या मुलीने एक पातळ चित्रांचं पुस्तक हातात दिलं. मी पोरांना अर्धगोल करून बसवलं, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून धरलं आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने, आवाज चढवत-उतरवत, सुरुवात केली. “एकादेशमा...”

आपलं जसं ‘आटपाट नगर होतं’, तसं त्यांचं एकादेशमा. पोरांचे डोळे लागले. मी वाचत गेले. नेपाळी ‘च’ आपल्या चमच्यातल्या ‘च’सारखा, दातांपाशी उच्चारायचा. बिचाऱ्या हिंदीवाल्यांना तो जमत नाही, आपल्याला आयता येतो. त्यामुळे माझं वाचन ऐकून ती मुलगीसुद्धा दारात थबकली. खोटं कशाला सांगू, मला चढलं. एक अक्षर कळत नव्हतं, पण चित्रात कोल्हा होता, म्हातारी होती, मी कोल्ह्याला कोल्ह्याचा आवाज दिला आणि म्हातारीला म्हातारीचा. “स्याल झ्यालबाट भाग्यो!” असं जोरात वाचून मी पुस्तक खाली घेतलं.

समोर दोन वेण्यांची सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिने बोट वर केलं. “मिस, स्याल कताबाट भाग्यो?”

भाग्यो कळलं. कोणीतरी पळालं. कोण आणि कुठून, ते नाही. तिचा सूर प्रश्नाचा आहे हे कळत होतं, सगळी माझ्याकडे बघताहेत हे दिसत होतं. मग मी काय केलं? तेच वाक्य पुन्हा वाचलं. जरा मोठ्याने. “स्याल झ्यालबाट भाग्यो.”

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचलं. मग ती शेजारणीकडे वळून, अजिबात कुत्सितपणे नाही, रोगाचं निदान करावं तसं म्हणाली, “मिसलाई पढ्न आउँछ, बुझ्न आउँदैन.”

हे वाक्य मात्र मला पूर्ण कळलं. बाईंना वाचता येतं, समजत नाही.

हे वाक्य माझंच होतं. आमच्याकडे एक मुलगा होता, तांड्यावरचा. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारा. आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात तेव्हा तो आजीपाशी राहायचा. वाचायचा असा की तपासणीला साहेब आले की मी त्यालाच उभा करत असे. एकदा साहेबांनीच विचारलं, “कोल्हा कुठे लपला रे?” त्याने धड्यातलं वाक्य पुन्हा वाचलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, त्याने आणखी मोठ्याने वाचलं. तो चेष्टा करतोय असं वाटून मी साहेब गेल्यावर त्याचा कान पिरगाळला होता. प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, ‘वाचन उत्तम, आकलन नाही.’ आकलन नाही ते कोणत्या भाषेतलं, एवढं विचारायला मला पाटणला यावं लागलं. तो मुलगा आता पंचविशीचा असेल. हे वाचणार नाही.

दुपारी पुस्तकांच्या पाठी डकवत बसले. खळ जरा पातळच झाली होती.

पण ती दोन वेण्यांची मुलगी सोडणाऱ्यांतली नव्हती. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पहिलीत नाव आत्ताच घातलेलं, वर्षभर उशिरा. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुस्तक आणून माझ्या मांडीवर टाकलं. मी वाचायचं, तिने सांगायचं, असं आमचं न ठरवता ठरलं. मी ‘झ्याल’ म्हटलं की ती उठून खिडकीपाशी जाऊन कडी वाजवी. ‘स्याल’ म्हटलं की मान वर करून कुई करी. ‘बाटो’ला तिने चटईच्या कडेने चालून दाखवलं आणि मी ओरडलेच, “वाट!” बाटो आणि वाट ऐकून तिला माझ्याबद्दल जरा आशा वाटू लागली असावी. गोष्ट संपली की शेवटी एक म्हणणी असते. ती तिला पाठ होती, मला वाचायची होती: सुन्नेलाई सुनको माला, भन्नेलाई फूलको माला. ऐकणाऱ्याला सोन्याची माळ, सांगणाऱ्याला फुलांची. आमच्या दोघींत ऐकणारी कोण आणि सांगणारी कोण, हे काही मिटेना. तिने मिटवलं. सोनं तिचं, फुलं माझी.

गल्लती चालूच होत्या. एका सकाळी टोपी घातलेला एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “कपाल काटेको, मिस.” मी घाबरून टोपी वर करून कपाळ तपासलं, रक्त कुठे दिसेना. कपाल म्हणजे केस. बापाने न्हाव्याकडे नेऊन गोटा केला होता. त्याचं दुःख मोठं होतं, मी उगाच लहान जखम शोधत होते.

हिंदी बोलले असते तर यातलं पुष्कळ टळलं असतं. इथे सगळ्यांना हिंदी येतं, टीव्हीची कृपा. पण आपण हिंदीत विचारलं की समोरचा चटकन दुकानदार होतो आणि आपण पशुपतिनाथाला आलेले यात्रेकरू. वाचनालयातल्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हिंदी कमी वापरा. मला त्यात जरा ताठा वाटला होता. त्यामागचं काही आठवड्याभराने कळलं.

संध्याकाळी आजी चिउरा निवडत होत्या. चिउरा म्हणजे आपले पोहे, पण हे लोक ते भिजवत नाहीत, कोरडेच भाजीबरोबर, मांसाबरोबर चावतात. कोपऱ्यात दोन गॅस सिलिंडर होते. एवढ्या छोट्या घरात दोन कशाला, असं मी खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, “नाकाबन्दी.”

मी मान हलवली. नाकाबंदी माहीत होती. पोलीस रस्त्यात आडवे बांबू लावतात, डिकी उघडायला लावतात. निवडणूक, गणपती, थर्टी फर्स्ट. त्याचा गॅसशी काय संबंध ते कळेना, पण मी हुशारीने “पोलीस, पोलीस” म्हणाले.

आजींनी पोहे बाजूला ठेवले आणि माझ्यासाठी मोडक्या हिंदीत सांगितलं. नेपाळी ही त्यांचीही घरची भाषा नव्हे, आणि हिंदी तिसरी. २०१५. भूकंपाला पाच महिने होत आलेले. सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं, आणि सीमेवरून तेल, गॅस, औषधं येणं थांबलं. फेब्रुवारीपर्यंत. आपल्या सरकारने ही नाकाबंदी आम्ही केलेली नाही असं म्हटलं, पण काठमांडू खोऱ्यात ती भारताची नाकाबंदी म्हणूनच ओळखली जाते. थंडीचे दिवस, अर्धा भरलेला सिलिंडर मिळायचा, तोही रांग लावून. मग आजींनी चूल मांडली. सरपण कुठलं? चौकातल्या पडलेल्या घराचं. कोरीव खिडकीची चौकट त्यांनी ठेवली, वासे आणि फळ्या जाळल्या.

“तुमच्याकडे पेपरात आलं होतं?” त्यांनी विचारलं.

आलंच असणार. मी आठवून पाहिलं. त्या हिवाळ्यात मी काय करत होते? आमच्याकडे दुष्काळ होता, टँकर मोजत होते, शाळेचे फॉर्म भरत होते. नेपाळची बातमी वाचली असेल तर ती आतल्या पानावरची, एका कॉलमाची. शब्द तर वाचलाच असेल. नाकाबंदी. आणि डोळ्यांपुढे बांबू आले असतील.

त्या रात्री मी हिंदीचा विचार वेगळा केला. घड्याळाचे काटेही पंधरा मिनिटं पुढे केले.

बैशाख ११ ला, उजाडताना, कॉट हलली. मांजर आलं असं वाटलं. मग खिडकीची काच वाजायला लागली आणि सगळ्या बहालातली कुत्री एकदम भुंकली. जिन्यातून पावलं धडधडत खाली गेली. “भुइँचालो! भुइँचालो!”

गेल्या बारा दिवसांतला हा पहिला शब्द जो ऐकताक्षणी कळला. भुई चालली. मी अनवाणी चौकात धावले. तोवर थांबलं होतं. सगळे चैत्याभोवती उभे, कोणी ब्रश तोंडात धरलेला, आजी शालीत. लहान मुलं झोपेत. कोणी फार बोलत नव्हतं. मला १९९३ चं किल्लारी आठवलं. अनंत चतुर्दशीची रात्र, पहाटेचे तीन छप्पन्न, आमच्याकडेही भांडी वाजली होती, आणि सकाळी रेडिओ लावेपर्यंत आम्ही त्यावर हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या भूकंपाला चार वर्षं होत होती. २०७२ सालचा १२ बैशाख, आपल्या हिशेबाने २५ एप्रिल २०१५. सकाळचे अकरा छप्पन्न. चौकातल्या दोन घरांना अजूनही लाकडी टेकू होते. दरबार चौकातली दोन देवळं तेव्हा भुईसपाट झाली, तिथे कुंपणाआड सुतारकाम चालू होतं. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं दगडी कृष्णमंदिर मात्र उभं राहिलं. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. “शनिवार थियो,” आजी म्हणाल्या आणि वाचनालयाच्या दिशेने हात केला. शनिवार होता. शाळा बंद होत्या. पोरं वर्गात नव्हती. पहिल्या दिवशी ज्या सुट्टीवर मी वैतागले होते, तीच ही सुट्टी. पडलेल्या शाळांचा आकडा हजारांत होता.

मधल्या काळात पाटणमधल्या पुल्चोकला रथ उभा राहायला लागला. चाकं आधी आली, पुरुषभर उंचीची, प्रत्येकावर रंगवलेले डोळे. मग वेत आणि लाकडं. हा रातो मच्छिंद्रनाथाचा रथ. चार-पाच मजल्यांएवढा उंच होतो आणि त्यात खिळा वापरत नाहीत, सगळं वेताने बांधतात. लाकडाचं काम बाराही घराण्याचं, वेताचं यंगवाल घराण्याचं, पिढ्यान्‌पिढ्या. दर बारा वर्षांनी तो बुंगमती गावाहून निघतो. २०१५ हे तसंच बारावं वर्ष होतं, आणि रथ वाटेत असताना जमीन हलली.

मच्छिंद्रनाथ! मी तिथेच उभी राहून हात जोडले. आजी बघत राहिल्या. त्यांच्या लेखी तो करुणामय, बुद्धाच्या वाटेवरचा अवलोकितेश्वर. शेजारच्या बामणांच्या लेखी नाथ. आणि सगळ्यांच्याच लेखी पावसाचा देव. गोष्ट त्यांनी अशी सांगितली: गोरखनाथ इथे आला, कोणी भिक्षा घातली नाही, म्हणून रागावून पाऊस पाडणाऱ्या नागांवर आसन मांडून बसला. बारा वर्षं पाऊस नाही. मग राजा, पुरोहित आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपला गेले आणि त्याच्या गुरूला घेऊन आले. गुरू दिसताच गोरख उठून उभा राहिला. नाग सुटले, पाऊस पडला. आमच्या पोथीत शिष्य गुरूला सोडवायला स्त्रीराज्यात जातो. इथे गुरू येतो तो शिष्याला नुसता उठवायला. बाई वर्गात आल्या की पोरं उभी राहतात, एवढ्या एका सवयीवर या खोऱ्याचा पाऊस बेतलेला आहे, हे मास्तरणीला आवडायचंच.

शनिवारी गच्चीवर बसून ताईला फोन लावला. मच्छिंद्रनाथाचं सांगितलं. ती म्हणाली, सासूबाई असत्या तर चालत आल्या असत्या. मग नेहमीचं. पाथर्डीत बेचाळीसच्या वर गेलंय, टँकर दोन दिवसांआड, कूलर बिघडलाय. तुझ्याकडे काय?

समोर इथल्या गोदावरी गावाकडच्या डोंगररांगा धुरकट दिसत होत्या. खाली चौकात आजींनी लाल मिरच्या सुपात पसरल्या होत्या आणि ती दोन वेण्यांची मुलगी, शनिवार असूनही, पुस्तक काखेत धरून माझ्या दाराशी वाट बघत होती.

“काही नाही गं,” मी म्हटलं, “मस्त घाम पडलाय. त्यातच बसलेय सकाळपासून.”

“मग पंखा लाव की,” ताई म्हणाली.